क्रेमरसाहेबाची पाच नावं

क्रेमरसाहेब पोरींना पाडायचा. हे मी सगळ्यांत आधी सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक त्याला संत करायला निघतात. संत कसला! पन्नाशीचा धिप्पाड अमेरिकन गडी, नाक मोडलेलं, पुढचे दोन दात गायब, आणि खेळायला उतरला की माझ्या तबिथाला कोपर मारून मातीत लोळवायचा. त्या गुरुवारी तिचा फुटलेला गुडघा बघितला आणि मी चुलीवरचं कालवण तसंच सोडून, हातातल्या पळीसकट, सुतारशाळेमागच्या मैदानावर गेले.

"काय हो साहेब, या पोरी आहेत का पोळ्याचे बैल?"

त्यानं चेंडू काखेत घेतला. घाम पुसला. "बाई, गुडघा हलतो ना?"

"हलतो."

"मग च्यायला, बरं आहे."

मराठी त्याला सुतारशाळेतल्या गड्यांनी शिकवली होती. त्यामुळे त्याच्या तोंडात दर दुसऱ्या वाक्याला शिवी, आणि ती शिवी आहे हे त्याला सांगायची कोणाची छाती नव्हती.

"बरं कसलं? लग्नाची पोर आहे माझी. लंगडी झाली तर तुम्ही सांभाळणार का?"

"आई, तू जा ना!" तबिथा ओरडली. "सगळ्या हसतायत."

"हसू दे. दात आहेत तोवर हसून घ्या म्हणावं. साहेबासारखे झाले की कळेल."

साहेबच सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "बाई, सोमवारी दुसऱ्या शाळेच्या पोरी हिला हळू पाडणार नाहीत. मी आज पाडतो, म्हणजे सोमवारी ती पडणार नाही."

ही गोष्ट एकोणीसशे अडतीस सालची. भिंगोरीला मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं, आणि ऐंशी पोरींचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मी रिबेका हिवाळे. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं चुलीपुढं शिकले. मालक प्लेगात गेले तेव्हा तबिथा रांगत होती. ती आता सोळाची झाली होती आणि साहेबानं तिला बास्केटबॉलच्या टीमची कॅप्टन केली होती. सोमवारी जिल्ह्याच्या गावी सगळ्या शाळांचे सामने होते. जिंकणाऱ्या कॅप्टनला पुण्याच्या व्यायामाच्या ट्रेनिंगमध्ये बिनफी जागा मिळणार होती. स्वयंपाकिणीच्या पोरीला पुणं! मी ते नाव चुलीपाशी दिवसातून दहा वेळा मनातल्या मनात घ्यायची.

साहेब मिशनचा होता, पण उपदेश करणारा नव्हता. सुतारकाम शिकवायला म्हणून आलेला. संध्याकाळी पाच वाजले की रंधा ठेवायचा आणि चेंडू उचलायचा. त्याच्या मैदानाची एक तऱ्हा होती. एका बाजूला सुतारशाळेची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना त्यानं बांबू रोवून कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी ताणलेली. बाकीच्या शाळांत चेंडू रेघेबाहेर गेला की शिट्टी वाजते, खेळ थांबतो. याच्या खेळात चेंडू बाहेर जाऊच शकत नव्हता. जाळीवर आपटायचा, परत यायचा, आणि पोरी त्याच्यावर तुटून पडायच्या. मिससाहेबांनी एकदा विचारलं होतं, "ही जाळी कशाला?" तर म्हणाला, "कोंबड्या आत येतात." आत कधी कोंबडी आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मिससाहेबांकडं पाहुणे आले. मिससाहेब म्हणजे बोर्डिंगच्या मुख्य, मिस थॉर्न. हाडकुळी, वक्तशीर बाई, सामन्यांच्या कमिटीवर सेक्रेटरी. पाहुणे हॉल्ट म्हणून तरणे पाद्री, महिन्यापूर्वीच अमेरिकेहून आलेले. मिससाहेबांनी त्यांना पोरींचा खेळ दाखवायला मैदानाशी खुर्चीवर बसवलं आणि मी चहा घेऊन गेले. चौदा वर्षं मडमांच्या हाताखाली काढलेली, त्यामुळं इंग्रजी मला बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं. हे मी कोणाला सांगत नसे. न कळणाऱ्या माणसापुढं लोक खरं बोलतात.

साहेब त्या दिवशी पोरींच्या विरुद्ध बाजूनं खेळत होता. तबिथानं त्याला कोपऱ्यात कोंडला. जायला जागा नव्हती. तर त्यानं टोपलीकडं पाठ करून चेंडू खांद्यावरून जाळीवर फेकला, स्वतः गरकन तिच्या पलीकडून फिरला आणि परत येणारा चेंडू न बघता पकडला.

हॉल्टसाहेबाच्या हातातला कप खाली पडला. माझा चांगला कप.

"डॅनी रीड!" तो ओरडला. आणि पाद्र्यानं पळू नये असा पळत सुटला. "डॅनी रीड! ही फेक दुसऱ्या कोणाची नाही! अकरा वर्षांचा होतो मी. बापाच्या खांद्यावर बसून बघितलंय तुम्हाला, पिंजऱ्यात!"

क्रेमरसाहेब जागच्या जागी थिजला. हॉल्टनं त्याचे दोन्ही हात धरले आणि मिससाहेबांकडं वळला. आनंदानं त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. "मिस थॉर्न, तुम्हाला कल्पना नाही हा माणूस कोण आहे! आमच्या खाणीच्या मुलखात राजा होता राजा. याला खेळायला घ्यायला गावं भांडायची. रविवारीसुद्धा हॉल भरायचा. खेळाचे पैसे घेणारा असा गडी..."

तिथं त्याची जीभ अडखळली. मिससाहेबांनी आपला कप बशीत ठेवला होता.

"पैसे घेऊन?" त्यांनी विचारलं.

बिचाऱ्या हॉल्टला वाटत होतं आपण हार घालतोय.

रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या बोर्डिंगला कळलं. सामन्यांच्या नियमांच्या पुस्तकात होतं, की जो पैशासाठी खेळला तो धंदेवाईक. आणि त्याच्याबरोबर जो मैदानात उतरला तोही धंदेवाईक. बाटल्यासारखंच. साहेब चार वर्षं रोज पोरींबरोबर खेळत होता. म्हणजे आमच्या दहाच्या दहा पोरी बाटल्या.

मिससाहेब दुष्ट नव्हत्या. त्यांनी वाट काढली. कागद तयार केला: 'पाद्री हॉल्ट यांची चेहरा ओळखण्यात चूक झाली. डॅनी रीड नावाचे खेळाडू ते मी नव्हे.' खाली क्रेमरसाहेबाची सही. शनिवारी दुपारी बारा वाजता, व्हरांड्यात. सही झाली तर पोरी सोमवारी खेळणार, साहेबाची नोकरी राहणार. नाही झाली तर दोन्ही गेलं.

शनिवारी सकाळी तबिथा माझ्या पायाशी येऊन बसली. "आई, तू सांग ना साहेबांना. ते सही करतील ना? आणि खोटं कुठंय त्यात? त्यांचं नाव डॅनी रीड नाहीच मुळी."

"मला का सांगायला लावतेस? कॅप्टन तू आहेस."

"तुझं ऐकतात ते. तुझ्या भाकरीचं तरी."

मी दोन भाकऱ्या आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून घेतला आणि सुतारशाळेत गेले. साहेब एकटाच एका खुर्चीचा पाय तासत होता. माझ्या मनात वाक्य तयार होतं. पण गड्याला उपाशीपोटी काही मागू नये, म्हणून आधी भाकरी पुढं केली आणि इकडचं तिकडचं विचारायला लागले.

"पिंजऱ्यात म्हणजे काय हो साहेब? खरंच पिंजरा?"

"खरा. तारेचा. नाचाचा हॉल असायचा, मधोमध पिंजरा. आम्ही आत, लोक बाहेर. खेळ संपला की पिंजरा काढायचा आणि लोक तिथंच नाचायचे."

"पण पिंजरा कशाला? तुम्ही वाघ होतात का?"

"लोक वाघ होते, बाई." त्यानं पायजमा वर करून पोटरी दाखवली. बारीक पांढरे डाग, देवीच्या व्रणांसारखे. "खाणीतले लोक खिळे दिव्यावर तापवून मारायचे. आणि बायका टोपीच्या पिना जाळीतून टोचायच्या."

"बायका?"

"बायका जास्त."

मला हसू आलं. "मग बरोबर आहे. आम्हाला तिकीट काढून कोणी रागवायला दिलं तर आम्ही पण सोडणार नाही. आणि हे डॅनी रीड काय प्रकरण आहे? तुमचं नाव तर ऑगस्ट."

"पाच नावं होती, बाई. सोमवारी एका गावाकडून खेळायचं, बुधवारी त्याच्याच दुश्मन गावाकडून. दोघांना कळलं तर दोघं च्यायला हाडं मोडतील. म्हणून गावाला एक नाव. सगळे चांगले गडी असंच करायचे. डॅनी रीड, टॉम कोल, जो बर्क..." तो बोटांवर मोजत गेला. "ऑगस्ट नाव आईनं ठेवलेलं. ते घरी ठेवलं. बाजारात नाही नेलं."

"आईनं कधी खेळ बघितला?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"एकदा. मला न सांगता आली. आगगाडीनं, दोन गाड्या बदलून. जाळीला चिकटून बसली होती. मी बघितलंच नव्हतं. मग एकानं माझ्या तोंडावर डोकं हाणलं, हे दोन दात गेले. मी खाली पडलो आणि ऐकलं, 'ऑगस्ट!' आमच्या जर्मन उच्चारात. सगळ्या हॉलनं वळून बघितलं. शेजारचा म्हणाला, म्हातारे, ऑगस्ट कोण? ती माझ्याकडं बघत होती, बाई. मी जमिनीवरून मान हलवली. नाही."

"मग?"

"मग तिला समजलं. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर ओरडायला लागली. 'डॅनी! डॅनी!' तिला ते नीट म्हणता येत नव्हतं. 'टॅनी' म्हणायची."

"आणि मग हो?"

"मग काय. जिंकलो." त्यानं तुकडा ठेच्यात बुडवला. "ती परत कधी आली नाही बघायला. पुढं माझा गुडघा गेला, पिंजरे पण गेले, लोकांना नवीन खेळ पाहिजे झाला. मी रंधा धरला. म्हणून सांगतो, बाई, तुम्ही जे बोलायला आलात ते बोलायची गरज नाही. सही सोपी आहे. पाच वेळा मी तो नव्हे म्हणालो, सहाव्यांदा म्हणतो. पोरी खेळतील."

मागायला गेले होते ते न मागता पदरात पडलं होतं. घरी येऊन तबिथाला सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण मला उठवेना. साहेबानं सगळी भाकरी संपवली तरी मी त्या भुश्यात बसून होते. आले ती थेट चुलीपुढं. तबिथानं विचारलं, "करतायत ना सही?" मी म्हटलं, "तांदूळ निवड."

बारा वाजता व्हरांड्यात मिससाहेब, हॉल्ट आणि क्रेमरसाहेब बसले. पोरी खांबांआड गोळा झालेल्या. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी पदराला हात पुसत जाऊन उभी राहिले. मिससाहेबांनी कागद पुढं सरकवला आणि बोट ठेवलं. "इथं." साहेबानं टाक दौतीत बुडवला.

"थांबा साहेब," मी म्हटलं.

मिससाहेब मराठीत म्हणाल्या, "रिबेकाबाई, स्वयंपाकघर."

"स्वयंपाक झालाय. मिससाहेब, तुमच्या त्या कपाटात माझा पण एक कागद आहे. मी कामाला लागले तेव्हाचा. काढून बघा. त्याच्यात लिहिलंय, आई मयत. खाली माझा अंगठा. मला सही येत होती, पण कारकुनानं विचारलंच नाही, सरळ अंगठा धरला."

"मग त्याचं काय?"

"माझी आई मयत नाही. निमगावाला आहे. फडात नाचायची ती. पैसे घेऊन. त्याच पैशावर मी दुसरीपर्यंत शिकले. कारकुनानं विचारलं, आई काय करते, तर मी तिला मारून टाकली. नाचणारणीच्या पोरीला मिशन चुलीला हात लावू देईल का, म्हणून. चौदा वर्षं झाली. बोर्डिंगचं धान्य आणायला मी दर महिन्याला तिच्या गावावरून जाते, आणि निमगाव आलं की गाडीत पदर तोंडावर ओढते. एकदा ती रस्त्यातच उभी होती, मिससाहेब. मला ओळखलं तिनं. आणि हाक मारली नाही. माझी नोकरी जाईल म्हणून तोंड फिरवून उभी राहिली."

खांबामागं तबिथा होती. आजी जिवंत आहे हे तिला तेव्हा कळलं.

"साहेबाला ही सही सोपी वाटते," मी म्हटलं. "मला पण अंगठा सोपा वाटला होता. आणि पैशाचं म्हणाल, तर मी पैसे घेऊन रांधते. तुम्ही पैसे घेऊन शिकवता. हे पाद्रीसाहेब पैसे घेऊन प्रार्थना करतात. यानं पैसे घेऊन चेंडू टाकला तर तेवढाच कसा काय बाटला?"

हॉल्टनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" क्रेमरसाहेबानं शब्दान् शब्द इंग्रजीत सांगितला, प्रार्थनेचं वाक्य दोनदा. हॉल्ट कानापर्यंत लाल झाला.

मग साहेबानं तो कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक पाच नावं लिहिली. त्यांच्याखाली थोडी जागा सोडून, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर लावत, ऑगस्ट क्रेमर लिहिलं आणि कागद मिससाहेबांकडं दिला.

मिससाहेबांनी तो वाचला आणि घडी घातली. "मुली सोमवारी जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि या महिन्यानंतर तुम्हीही..."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाला.

तबिथाच्या पळण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

सोमवारी जिल्ह्याची मोटार आमच्या फाटकावरून आमच्याविना गेली. पुण्याची जागा दुसऱ्या शाळेच्या पोरीला मिळाली. तबिथा पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढं ती नर्स झाली, मेट्रन झाली. आज तिला नातवंडं आहेत, तरी भांडण निघालं की म्हणते, "आई, माझं पुणं तू घालवलंस." घालवलं. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मला मात्र कोणी काढलं नाही. ऐंशी पोरींच्या भाकरी कोण थापणार होतं? पण एक गोष्ट मिससाहेबांच्या बाजूनं सांगायलाच हवी. बुधवारी त्यांनी मला बोलावलं, कपाटातून माझा कागद काढला आणि माझ्यासमोर 'मयत' वर रेघ मारली. वर काय लिहू, असं विचारलं. मी म्हटलं, "नाच." त्यांनी लिहिलं. रविवारी मी निमगावाला गेले. आई काय म्हणाली ते मी कोणाला सांगत नाही.

साहेब महिनाअखेरीस गेला. सकाळची वेळ होती, टांगा फाटकाशी उभा. स्वयंपाकघराच्या दारात तो ट्रंक घेऊन आला. आत पोरी न्याहारीला बसल्या होत्या. तबिथा वाढत होती, तिनं वर बघितलं नाही. मी त्याच्यासाठी पाट मांडून, भाकरी तव्यावरून उतरवत होते.

साहेब टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबला. "बाई, बसतो, पण आधी बोलतो. माफ करा. माझ्यामुळं पोरींचा खेळ गेला. तबिथाची जागा गेली. त्या पाच नावांखाली माझं नाव मी लिहायला नको होतं. सगळ्यांसमोर माफी मागतो."

बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला, की ऐंशी पोरींचे हात थांबले. तबिथानं तेवढ्यात वर बघितलं. मी भाकरी परत तव्यावर टाकली आणि दारात जाऊन उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं, सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं, "पाच गावांत पाच खोटी नावं लावून फिरलात, तेव्हा कोणाची माफी मागितली नाहीत. उभ्या जन्मात एकदा त्या खोट्या नावांखाली खरं नाव लिहिलंत, आणि त्याची मागताय? त्या नावाची, जे तुमच्या आईनं ठेवलं? माझ्या उंबऱ्यात असली माफी चालत नाही. आधी ती परत घ्या, मग पाटावर बसा. तोवर मी वाढणार नाही."